३३५ पोती सिमेंट आणि वेशीवरची कमान

वाचक सरपंचताईंचं पत्र :

"बाई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका लहान गावाची सरपंच आहे. पवनचक्क्यांचा तुंबलेला कर यंदा एकदम जमा झाला, अकरा लाख. उपसरपंच आणि भावकीतली जाणती माणसं म्हणतात, वेशीवर कमान बांधू, उरलेल्यात मंदिरापुढं सभामंडप करू. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. माझा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तो म्हणतो, आपल्या भागात पाऊसच नाही, इथं काही होणार नाही. आणि पोरं शिकवली तरी ती पुण्याला जाणार, मग पैसा कुठंही घाल, सारखंच. मी सातवीपर्यंत शिकले. तुम्ही आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं म्हणून विचारते. एक देश श्रीमंत होतो आणि दुसरा तसाच राहतो, ते कशामुळं? त्यातलं माझ्या गावाला काही लागू पडतं का? हे पैसे कुठं लावू?"

सरपंचताई,

तुमच्यापुढं प्रश्न सिमेंटचा आहे, म्हणून सिमेंटच्याच गोष्टीनं सुरुवात करते. १९७० च्या अखेरीस दक्षिण कोरियात सिमेंटला उठाव नव्हता, कारखान्यांत माल पडून होता. सरकारनं तो उचलला आणि देशातल्या तेहतीस हजारांहून जास्त गावांना वाटून टाकला. मोठं गाव, लहान गाव असा भेद नाही, प्रत्येकाला सारखी ३३५ पोती. अट एवढीच की कुणाच्या घराला लावायचं नाही, गावाच्या कामाला लावायचं, आणि कोणत्या कामाला ते गावानं बसून ठरवायचं. कुणी बोळ रुंद करून रस्ता केला, कुणी ओढ्यावर पूल घातला, कुणी विहीर बांधून काढली, कुणी धुणं धुवायला धक्का बांधला. बऱ्याच गावांत त्या पोत्यांचं धड काहीच झालं नाही. पुढच्या वर्षी ज्यांनी नीट काम केलं होतं अशा साडेसोळा हजारांच्या आसपास गावांना आणखी ५०० पोती आणि एक टन लोखंड मिळालं. बाकीच्यांना काही नाही. 'सेमाउल उन्दोंग', म्हणजे नव्या गावाची चळवळ, ती अशी सुरू झाली.

आता उपसरपंच म्हणतील, बघा, सिमेंटनंच झाला ना तो देश मोठा! नाही झाला. सिमेंट येण्याच्या वीस वर्षं आधी तिथं दोन गोष्टी झाल्या होत्या. एक, जमिनीचं वाटप. १९५० च्या सुमारास मोठ्या जमीनदारांकडची तीन हेक्टरांवरची जमीन काढून कसणाऱ्याला दिली गेली. दुसरी, शाळा. १९४५ साली जपानी राजवट गेली तेव्हा तिथं पाचांतल्या जेमतेम एकाला वाचता येत होतं. १९७० येईपर्यंत बहुतेक सगळ्यांना येऊ लागलं. म्हणजे ती पोती ज्या गावात उतरली, तिथल्या माणसाची जमीन त्याच्या नावावर होती आणि पोत्याबरोबर आलेला कागद त्याला वाचता येत होता. १९६० च्या सुमारास त्या देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला दीडशे डॉलरच्या आसपास होतं. आज ते तीस हजारांच्या वर आहे.

तिथं सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. १९६१ पासून लष्करी हुकूमशाही होती, कामगारांनी तोंड उघडलं की तुरुंग. लोकांनी रस्त्यावर उतरून १९८७ साली लोकशाही मिळवली. पण शेजारचा उत्तर कोरिया बघा. तीच माणसं, तीच भाषा, तोच भात. १९४५ साली देश तुटला तेव्हा मोठे कारखाने आणि वीज उत्तरेकडंच जास्त होती. आज उत्तरेत दुष्काळ आणि उपासमार, दक्षिणेत जगभर जाणाऱ्या मोटारी आणि फोन. त्यामुळं रक्तात काही असतं, जातीत काही असतं, मातीत काही असतं असं कुणी म्हणालं की मला हे दोन देश आठवतात.

हा एवढा फरक एका रात्रीत पडला नाही. बचत गटातला व्याजाचा हिशेब तुम्ही पाहिला असेल, म्हणून हे तुम्हाला पटकन कळेल. उत्पन्नही चक्रवाढीनं चढतं. वाढीचा दर घ्या आणि सत्तरला त्यानं भागा. तितक्या वर्षांत उत्पन्न दुप्पट होतं. दर एक टक्का असेल तर सत्तर वर्षं, दोन असेल तर पस्तीस, सात असेल तर दहा. स्वातंत्र्यानंतरची पहिली तीस वर्षं आपला देश वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपासच वाढला, आणि माणसंही भराभर वाढत असल्यानं माणशी वाढ दीड टक्क्याच्याही आत राहिली. म्हणजे दुप्पट व्हायला पन्नास वर्षं. आजोबांचं जे हलाखीचं होतं, ते नातवाच्या वाट्याला थोडं कमी हलाखीचं होऊन आलं. एक-दोन टक्क्यांचा फरक वर्षाच्या हिशेबात दिसतही नाही, पण दोन पिढ्यांत तो घरं बदलून टाकतो. म्हणून तुम्ही हे पैसे कुठं लावता त्याचं फळ तुमच्या पाच वर्षांत दिसेलच असं नाही. हे आधी मनाशी पक्कं करा.

मग वाढ येते कुठून? अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली त्यांच्या देशाचा १९०९ ते १९४९ असा चाळीस वर्षांचा हिशेब मांडला. त्या काळात एका माणसाच्या तासाभराच्या कामातून निघणारं उत्पादन दुप्पट झालं होतं. सगळ्यांना वाटत होतं, यंत्रं वाढली म्हणून. हिशेबात निघालं की वाढीव यंत्रांचा वाटा आठातला एक. उरलेले सात वाटे काम करायच्या सुधारलेल्या रीतीचे, म्हणजे तंत्राचे आणि ज्ञानाचे. तुमच्या गावात हे बघायचं असेल तर ट्रॅक्टर मोजा. पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा गावाची नांगरट आठ दिवसांत उरकली. दुसऱ्यालाही काम मिळालं. सहावा ट्रॅक्टर लिंबाखाली उभा असतो आणि मालक हप्त्याच्या चिंतेत असतो. बोअरचंही तेच. पहिल्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागलं. दहावा बोअर शेजाऱ्याचंच पाणी ओढतो. वस्तू वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर तिचं फळ घटत जातं. ज्ञानाचं तसं होत नाही. माझ्या विहिरीचं पाणी तुम्ही उपसलं तर मला कमी पडेल, पण केशर आंब्याचं कलम कसं बांधायचं हे मी तुम्हाला शिकवलं तर माझं काहीच कमी होत नाही, उलट गावात दोन बागा होतात. एवढ्या साध्या गोष्टीवर देशांच्या वाढीचं अख्खं गणित उभं आहे हे पॉल रोमर यांनी नीट मांडून दाखवलं, आणि २०१८ साली त्यांना नोबेल मिळालं.

२०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेलही याच विषयाला आहे. त्यातला अर्धा वाटा जोएल मोकिर या इतिहासकाराला मिळाला. त्यांचं म्हणणं मला फार आवडतं. 'कसं करायचं' हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं; 'असं का होतं' हे त्याला जोडलं गेलं तेव्हा वाढ थांबेनाशी झाली. आपल्या आजोबांना ठाऊक होतं की तुरीच्या रानात पुढं ज्वारी चांगली येते. का येते, ते ठाऊक नव्हतं. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात आणि ते हवेतला नत्र मुळांपर्यंत आणतात हे कळलं, तेव्हा ते जिवाणू पाकिटात भरून बियाण्याला चोळता यायला लागले. आज कृषी केंद्रात रायझोबियमचं पाकीट मिळतं ते हेच.

आणि हे लांबच्या देशांतच होतं असं नाही. जालना घ्या, आपल्यासारखाच कोरडा जिल्हा. तिथं बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्यांची कंपनी काढली. संकरित बी करायचं तर कळीतले पुंकेसर नेमक्या वेळी हातानं काढावे लागतात आणि दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावावे लागतात. नजर लागते, हात हलका लागतो. आसपासच्या बायामाणसांनी ही कला शिकून घेतली, मग तिथं एकाच्या दहा कंपन्या झाल्या, आणि आज देशभर बियाण्यासाठी जालन्याचं नाव घेतात. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याचा पाऊस वाढला नव्हता, तिथल्या हातांना एक नवं काम येऊ लागलं होतं.

तुमच्या मुलाला हे सांगा, आणि बोट्सवानाचंही सांगा. आफ्रिकेतला हा देश १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांत होता. समुद्र नाही, बहुतेक भाग कलहारीचं वाळवंट, आणि देशात डांबरी रस्ता म्हणे बारा किलोमीटर. पुढच्याच वर्षी तिथं हिरे सापडले. आता हिरे, सोनं, तेल सापडलेले देश आफ्रिकेत कमी नाहीत. बहुतेकांत त्या पैशावरून यादवी झाली, नाहीतर दहा-वीस कुटुंबं गब्बर झाली. बोट्सवानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या जमातीचे होते, त्याच जमातीच्या मुलखात ते हिरे होते. तरी त्यांनी कायदा करून ते कुठल्या एका जमातीचे न ठेवता सगळ्या देशाचे केले. त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले, आणि पुढची काही दशकं हा देश जगात सगळ्यात वेगानं वाढणाऱ्यांत होता. तिथं 'खोत्ला' नावाची जुनी पद्धत आहे. गावचा प्रमुख झाडाखाली बसतो आणि कुणीही उठून त्याच्या तोंडावर बोलू शकतो. आपल्या ग्रामसभेची बहीणच म्हणा. तिथंही विषमता मोठी आहे, हिऱ्यांवर फार भिस्त ठेवली त्याचा फटका आता बसतोय. पण वाळवंट असून जमलं, हे खरं.

२०२४ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्या असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांनी हेच जगभरात तपासलं. जिथं कष्टाचं फळ कष्ट करणाऱ्याच्या हातात राहतं आणि कायदा सगळ्यांना सारखा असतो, तिथं माणूस पुढचा विचार करतो. जिथं वरचा ओरबाडून नेतो, तिथं कुणी कशाला झाड लावेल? आपल्याला हे पुस्तकातून शिकायला नको. माझे वडील सांगायचे, निजामाच्या काळात जागीरदाराच्या गावात कूळ विहीर खोदायला धजत नसे; पाणी लागलं की जमीनच काढून घेतील ही भीती. १९४८ ला आपण मुक्त झालो, १९४९ ला जागिरी गेल्या, १९५० ला कूळ कायदा आला. आमची विहीर त्यानंतरची आहे. वडिलांनी खोदली तेव्हा कडेच्या दगडावर साल कोरून ठेवलं होतं, १९५४.

आता पुण्याचं. तुमचा मुलगा खोटं बोलत नाही. पोरं जाणार. बहुतेक माणसं शेतीतच ठेवून श्रीमंत झालेला एकही मोठा देश मला माहीत नाही. कोरियातलीही गावं पुढं रिकामी झाली, पोरं शहरात गेली. कुणी जावंच नये असा हट्ट मी धरणार नाही. पण जाण्या-जाण्यात फरक आहे. कोयता घेऊन जाणारं जोडपं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडायला जातं, सहा महिन्यांनी परत येतं ते पाठदुखी घेऊन, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच उचल. हुन्नर घेऊन जाणारा काहीतरी घेऊन परततो. १९७९ साली बांगलादेशातल्या देश गारमेंट या कंपनीनं १३० जणांना शिवणकाम आणि कारखाना चालवायला शिकण्यासाठी कोरियातल्या बुसानला पाठवलं. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या शंभराहून जास्त जणांनी ती नोकरी सोडून स्वतःचे कारखाने काढले, नाहीतर दुसऱ्यांच्या कारखान्यांत ते ज्ञान नेलं. आज कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगातल्या पहिल्या काहींत आहे आणि त्या कारखान्यांत लाखो बाया कमावतात. माझा एक पुतण्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं लेथवर होता. नंतर तिघांनी मिळून जुना लेथ घेतला, पत्र्याचं शेड टाकलं. आज त्याच्याकडं आमच्याच गावची चार पोरं शिकतात. तो गावी राहत नाही. पण गावाला त्याचा उपयोग नाही असं म्हणायची माझी तयारी नाही.

आता ज्यासाठी मी हे एवढं लिहिलं त्याकडं येते. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी धारूरच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर संध्याकाळी लेकरांना शिकवायला जात होते. चौथीतल्या एका मुलीची वही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. १४ ऑक्टोबर, भागाकार, तिसरं उदाहरण अर्धवट. पान उलटलं की ९ एप्रिल. मधल्या सहा महिन्यांत ती तोडीवरच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकटा भाऊ सांभाळत होती आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकत होती. मी तिला विचारलं, शेकड्याला दोनशे रुपये भाव असेल तर पस्तीस पेंढ्यांचे किती? पापणी लवायच्या आत म्हणाली, सत्तर. तोच हिशेब पाटीवर मांडून दिला तर तिला येईना, ती रडायला लागली. ही हुशार मुलगी होती, ताई. तेराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, कारण आई-बाप तोडीला गेल्यावर वयात आलेली पोर घरी एकटी कशी ठेवायची. आज तीही अर्धा कोयता आहे, म्हणजे तोडीवरच्या नवरा-बायकोच्या जोडीतली अर्धी मजूर. देशाची वाढ कुठं अडते असं मला कुणी विचारलं तर मी ती वही दाखवीन.

म्हणून माझं मत असं. कमान नको. मंदिरापुढचा सभामंडप लोकवर्गणीतून होऊ द्या. सप्ताहाला वर्गणी देणारं गाव त्यालाही देईल, त्यावरून भांडण ओढवून घेऊ नका. फक्त त्याला एक बंद खोली, दिवा आणि कपाट करायला सांगा. सकाळी हरिपाठ, संध्याकाळी लेकरांचा अभ्यास. ग्रामपंचायतीचे अकरा लाख मात्र तोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांना गावात ठेवण्यासाठी लावा. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. पण मंजुरी आणि पैसे येईपर्यंत बैलगाड्या आणि ट्रक निघून गेलेले असतात. तो मधला महिना-दीड महिना तुमच्या पैशातून भरून काढा. दोन वेळचं जेवण, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाला गावातल्याच दोन बाया, मुलींसाठी कडी नीट लागणारं स्वच्छतागृह आणि रात्री त्यांच्याजवळ झोपायला एक जबाबदार बाई. शेवटच्या दोन गोष्टींवर काटकसर करू नका. मुलगी सुरक्षित आहे असं आईला वाटलं तरच ती तिला मागं ठेवील आणि घाईनं तिचं लग्न लावणार नाही.

दुसरं, लेकरू शाळेत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. शाळेत किती वर्षं काढली यापेक्षा लेकराला प्रत्यक्ष किती येतं, यानं देशांच्या वाढीत जास्त फरक पडतो. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांनी मुलांना वर्षानुवर्षं वर्गात बसवलं आणि तरी पूर्व आशियानं त्यांना मागं टाकलं. आपल्याकडंही लातूरच्या गुणांचा अभिमान सगळ्यांना आहे, मलाही आहे. पण त्या यादीत तोडीवरचं लेकरू किती असतं? तुम्ही सातवी शिकलेल्या आहात, तेवढं पुरे. महिन्यातून एकदा शाळेत जा, चौथीतल्या पाच लेकरांना फळ्यावर भागाकार करायला सांगा, आणि एक परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्या. गुरुजींना त्यात अपमान वाटू नये म्हणून आधी त्यांच्याशी बोला.

तिसरं, पैशाचा हिशेब चावडीच्या भिंतीवर रंगवून लावा. किती आले, कशाला गेले, कुणाला दिले, दर महिन्याला. भावकीतल्या माणसांचा विरोध यानं संपणार नाही, पण वस्तीवरचा माणूस पहिल्यांदा ग्रामसभेत बसायला येईल. आणि पहिलं काम तुमच्या स्वतःच्या गल्लीत करू नका.

पोळा झाला की मुकादम उचल वाटायला गावात फिरू लागतील. एकदा उचल घेतली की जोडपं लेकरांसकट शब्दात अडकतं. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना घेऊन घरोघर जा आणि यादी करा : लेकराचं नाव, इयत्ता, गेल्या वर्षी किती महिने बाहेर होतं, आणि घरी मागं राहणारी आजी किंवा आजोबा आहेत का. शेवटचा रकाना 'नाही' असेल ती लेकरं आधी. यादी झाली की मला कळवा. माझ्याकडं चौथी-पाचवीच्या गणिताचं बरंच साहित्य पडून आहे, आणि केज काही लांब नाही.